तिच्या गावाला थांबणारी गाडी

जपानचा बेत आमच्या ह्यांचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपाच्या मोटारीत नवी तार भरून द्यायची, हे काम ह्यांनी आयुष्यभर केलं. एकुलती एक मुलगी इंजिनिअर होऊन जपानला हामामात्सू नावाच्या शहरात नोकरीला लागली, तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात तिकडच्या रेल्वेनं घर केलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ. रात्री जेवताना मला शिकवणी.

"सगळ्या बुलेट ट्रेन सारख्या न्हाईत बघ. एक हाय ती वाऱ्यागत जाती, पण म्हाग. दुसरी हाय कोदामा, ती प्रत्येक स्टेशनला थांबती. तिचं आधी काढलं तर तिकीट स्वस्तात पडतंय. आपल्याला कुठं पळायचंय?"

टोकियो, क्योतो, हिरोशिमा अशी शहरं ठरली. सगळीकडं फिरायचा पास आता परवडत नाही, त्यापेक्षा एकेक तिकीट काढलेलं बरं, इथपर्यंत ह्यांचा अभ्यास झाला होता. सामान कमी, म्हणजे लॉकरचं भाडं वाचेल. एक वेळ तिथल्या दुकानातला भाताचा गोळा खायचा, एक वेळ घरून नेलेलं थालीपीठ. आणि टोकियोहून क्योतोला जाताना मध्ये हामामात्सू लागतंच. तिथं मुलीकडं उतरायचं, म्हणजे हॉटेलचाही प्रश्न नाही.

हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, "इथं बघण्यासारखं काही नाही. तुम्ही थेट क्योतोला जा. मी येते तिकडं एक दिवस."

"अगं, पण तुझं घर?"

"घर कसलं, एक खोली आहे. फास्ट गाडीनं या. तिकिटाचे पैसे मी देते."

हे खूश झाले. पोरीला आपली काळजी आहे म्हणाले. मला मात्र तिचं ते 'देते' टोचलं. आमच्याकडच्या पोरी 'मी जातो, मी देतो' असंच बोलतात. ही पुण्यात शिकली, बाहेर शुद्ध बोलायची, पण घरी फोन केला की 'आई, मी जेवलो' असंच. आता ती आमच्याशीही परक्या माणसाशी बोलल्यासारखं बोलत होती. आणि ती वाऱ्यागत जाणारी गाडी तिच्या गावाला थांबतच नाही, हे ह्यांनीच मला सांगितलं होतं.

पुढं दर आठवड्याला तेच. हे कोदामाचा विषय काढायचे, ती रात्रीच्या बसचा काढायची. बस कशी स्वस्त, झोपेत क्योतो कसं येतं. कॅमेरा कधी चालू नाही. नेट स्लो आहे म्हणायची. जपानात नेट स्लो! ह्यांची बहीण आजऱ्याहून आली, तेव्हा भाचीसाठी काजू ठेवून गेली आणि म्हणाली, "पोरीचं घर बघून या हं, फोटो काढा." मी हो म्हणाले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कुणाबरोबर राहत असेल का? राहू दे. नोकरी गेली असेल का? जाऊ दे. पण सांगत का नाही?

हे दुकानात असताना मी एकटीनंच फोन लावला.

"आम्ही तुझ्या दारात येऊ नये असं तुला का वाटतंय, एवढं सांग. रागावणार नाही."

मग कॅमेरा चालू झाला, पण तिचा चेहरा दिसला नाही. तिनं फोन खोलीभर फिरवला. दिवसाढवळ्या पडदे ओढलेले. अंथरुणाभोवती रिकाम्या बाटल्या, खाल्लेल्या जेवणाचे प्लॅस्टिकचे डबे, कपड्यांचा ढीग. पाय ठेवायला जागा नव्हती.

"आई, मी कामावर जात न्हाई," ती म्हणाली. "नोकरी हाय, रजा दिलीया. डॉक्टरनं लिहून दिलंय. सकाळी उठताच येत न्हाई मला. दारापर्यंत जातो आणि परत येतो."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासनं."

दिवाळीला आम्ही तिला फराळाचा डबा पाठवला होता. मिळाला, छान होता, असा तिचा मेसेजही आला होता.

मी येते म्हणाले. ती रडत म्हणाली, "तू ये. बाबा नकोत. बाबांनी मला असं बघायचं न्हाई."

हे ह्यांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ह्यांनी ऐकून घेतलं, उठून चप्पल घातली, बाहेर गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "जा तू. गाडीचं मी सांगतो."

मी एकटी पुण्याच्या पुढं कधी गेले नव्हते. टोकियोच्या स्टेशनात ह्यांनी फोनवर बोलत बोलत मला कोदामात बसवलं. कुठल्या फलाटावर, कुठल्या डब्याच्या रांगेत, सगळं तोंडपाठ. गाडी सुटल्यावरही मेसेज येत राहिले: अतामी गेलं? मिशिमा आलं का? उजवीकडं बघ, फुजी दिसतो. उजवीकडं ढग होते. दिसला, असं मी लिहिलं.

ती स्टेशनवर आली होती. घरातल्याच कपड्यांत, गळ्याचं हाड वर आलेलं. मी जवळ घेतलं तर अंग लाकडासारखं ताठ. "गर्दीत नको, आई," एवढंच बोलली.

पहिले काही दिवस तिनं मला काहीच आवरू दिलं नाही. मी दाराजवळची तेवढी जागा झाडून तिथं बसायचे. मग एकदा तिनं स्वतःच बाटल्या पिशवीत भरायला घेतल्या. डॉक्टरकडं मी बरोबर गेले. बोललेलं एक अक्षर कळलं नाही, पण ती बोलत होती हे कळलं. कोल्हापूरहून रोज एकच प्रश्न यायचा, "बोलती काय?" एका संध्याकाळी मी कांदा-लसूण चटणी घालून आमटी केली होती. तिनं जेवता जेवता माझ्या हातातून फोन घेतला. मग हे म्हणाले, "जेवलीस?"

"जेवायलोय."

तिनं फोन मला परत दिला.

व्हिसाची मुदत संपत आली तशी मी परत आले. ती सध्या अर्धा दिवस कामावर जाते. कायमची घरी ये म्हटलं तर चिडते. नणंदेनं फोटो मागितले; मी स्टेशनचा एक दाखवला. ह्यांनी गाड्यांचे व्हिडिओ बघणं सोडलं आहे. मी विषय काढत नाही.

गेल्या रविवारी तिनं फोन उचलला नाही. आम्ही दोघं जेवलो नाही. सोमवारी उचलला. झोपलो होतो, म्हणाली. खरं असेल.