माळवदाचं वजन

खेळ असा आहे की त्यातलं सगळं जग ठोकळ्यांचं. मातीचा ठोकळा, दगडाचा ठोकळा, लाकडाचा ठोकळा. फोडायचे, गोळा करायचे, रचायचे. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. नोकरी गेली आणि मी पुण्याहून गावी परतले, तेव्हा दिवसभर तेच करत बसायचे. खेळात जे नाही ते लोक स्वतः प्रोग्राम लिहून त्याला जोडतात. त्याला मॉड म्हणतात, आणि मॉड लिहायची मला जुनी खोड आहे. खेळात पुढं काय काय हवं यावर चर्चा करायची एक जागाही इंटरनेटवर आहे. तिथं लोक ड्रॅगन मागतात, उडते घोडे मागतात. मी पांढरी माती मागितली.

ती अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं गाव लोहारा तालुक्यातलं. जुनं गाव भूकंपात गेलं, आणि माझा जन्म नव्या गावातला. नवं गाव सरकारनं पट्टीनं आखून दिलेलं, सरळ रस्ते, सारखी घरं, घरांना नंबर. खेळातली गावं पाहून मला कधी नवल वाटलं नाही ते त्यामुळंच. जुन्या गावाबद्दल अण्णा बोलत नसत. त्यांची आई आणि धाकटी बहीण तिथं गेल्या एवढंच मला माहीत होतं, आणि तेही माझ्या आईकडून.

एका दुपारी ते चहाची कपबशी घेऊन माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी एका घराच्या भिंती फोडत होते. भिंती गेल्या तरी छत तसंच हवेत राहिलं.

"पडंना व्हय गं हे?"

"न्हाय पडत, अण्णा. ह्याच्यात वजनच नसतंय."

"मग लई चांगलंय की," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

त्या दिवसापासून रोज दुपारी ते यायचे आणि सांगायचे. दार इकडं कर. ओसरी एवढी मोठी नव्हती. हितं भिंतीत धान्याचं बळद होतं. मी त्यांच्या बोलण्यावर त्यांचं जुनं घर रचत गेले. अर्ध्या गोष्टी खेळात नव्हत्याच. छताला उजेडासाठी असतं ते साणं नव्हतं, पाऊस आला की त्यावर सरकवायची फरशी नव्हती. खेळातला पाऊस कोणत्याच छतातून गळत नाही, म्हणून मी गळकं छतही मागितलं. एकानं खाली लिहिलं, गळकं छत कुणाला हवंय? मी त्याला असं काही सुनावलं की चर्चेतून मला काही दिवस बाहेर काढलं. मग मागणं सोडलं आणि स्वतःच लिहायला बसले.

अण्णांना बोलतं झालेलं पाहून मला इतका आनंद होत होता की मी त्यांना हवं ते सगळं करून देत सुटले.

माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, रचायची वेळ आली तेव्हा अण्णांनी सगळं नीट सांगितलं. दगडमातीच्या भिंती, त्यावर तुळया, त्यावर फळ्या, त्यावर माती. दर उन्हाळ्यात प्रत्येक घरचे लोक गढीवरून पांढरी माती आणायचे आणि पावसाच्या आधी माळवदावर पसरायचे, म्हणजे छत गळत नसे. जुनी माती कुणी काढायचं नाही. घर आजोबांच्या वेळचं असलं तर माती पण आजोबांच्या वेळची. गावातल्या सगळ्याच माळवदांचं तसंच होतं, कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"साण्याच्या खाली तिचं अंथरूण," अण्णा म्हणाले. "तिथंच गळायचं. सारखी म्हनायची, दादा, माझ्याच अंगावर गळतंय. त्या उन्हाळ्यात म्या दुसऱ्यांदा माती टाकली. वर आनिक एक थर. आई म्हनाली बास कर. म्या न्हाय ऐकलं."

त्या पावसाळ्यात छत गळलं नाही. गणपती विसर्जनानंतर अण्णा मंडळाच्या पोरांबरोबर शाळेच्या पटांगणातच झोपले. पहाटे धरणी हलली. त्या दोघी आत होत्या.

हे त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. मी मातीचा शेवटचा थर रचून दिला.

मग त्यांनीच मागितलं. "ह्याला वजन दे. आन् धरणी हलंल असं कर."

मी आधी टाळलं. पण माणसानं इतकी वर्षं मनात कोंडलेलं एकदाचं डोळ्यांनी बघितलं तर मोकळा होईल, असं मला वाटलं. कशाच्या जोरावर वाटलं ते विचारू नका. मी मॉड लिहिला. प्रत्येक ठोकळ्याला वजन दिलं, तुळई किती भार पेलेल त्याचा एक आकडा टाकला, आणि हादरा बसला की ती ताकद कमी होईल असं केलं. तो आकडा मी कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता. बरा वाटला म्हणून टाकला.

हादरा दिला. माळवद खाली आलं. अण्णांनी खुर्ची पुढं ओढली.

"परत उभं कर."

केलं.

"आता वरचा थर काढ. म्या टाकलेला."

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी थर काढला आणि हादरा दिला. भिंतीतले दोन दगड पडले. माळवद उभं राहिलं. साण्यातून उजेडाचा चौकोन खाली जमिनीवर पडला होता, तिच्या अंथरुणाच्या जागी.

अण्णांनी एवढंच म्हटलं, "व्हय."

मी घाईघाईनं सांगू लागले. अण्णा, हा आकडा माझ्या मनाचा आहे. दुसरा टाकला असता तर दुसरंच झालं असतं. भूकंपात एक थर कमी असलेली घरं पडलीच ना गावात? सगळी पडली ना? ते मान हलवत होते, पण लहान मूल काहीतरी सांगतंय आणि आपण कौतुकानं ऐकतोय, तसं.

मी तिथल्या तिथं तो आकडा बदलला. आता थर काढला तरी घर पडत होतं. दोन थर काढले तरी पडत होतं. मी त्यांना पुन्हा पुन्हा पाडून दाखवलं. मला स्वतःचा भयंकर राग आला होता.

"ऱ्हाऊ दे बाई," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हनून पाडायलीस तू."

"तसं न्हाय, अण्णा. पहिला आकडाच खोटा होता."

"आकडा तुझा असंल. माती म्या टाकली की."

कपबशी उचलून ते आत गेले. त्यानंतर ते माझ्या मागं येऊन कधी उभे राहिले नाहीत. चहा आता बाहेर ओट्यावर पितात. सिमेंटचं छत गळायला लागलंय, वरून गिलाव्याचा एक थर देऊ म्हटलं की विषय बदलतात. मागच्या पावसात त्यांनी गळतीखाली बादली ठेवली आणि आपलं अंथरूण तेवढं बाजूला सरकवलं.

तो मॉड मी चर्चेच्या जागी टाकला होता, अण्णांना दाखवायच्या आधीच, मोठ्या हौसेनं. काढून टाकला तोवर लोकांनी उतरवून घेतला होता. ड्रॅगन मागणाऱ्यांना तो फार आवडला. अजून कुणीतरी लिहितं की घरं अगदी खऱ्यासारखी पडतात, आकडा कसा काढला ते सांगा.