तोंडाकडं बघून

कळंब्यात आमच्या आण्णांचा आवाज माहीत नाही असं घर सापडणार नाही. उद्या पाणी येणार नाही, जनावरांना लस टोचायला डॉक्टर आलेत, साडीच्या दुकानात सेल लागलाय, कुणाचं पोर चुकलंय, हे सगळं गावाला आण्णांच्या तोंडून कळायचं. काका रिक्षा चालवायचे, टपावर दोन कर्णे बांधलेले आणि मागच्या सीटवर माईक धरून बसलेले आण्णा, म्हणजे आमचे वडील. हल्ली लोक एकदा आवाज भरून घेतात आणि तोच दिवसभर वाजवत फिरतात. आण्णांना ते मुळीच पटत नाही. अशा माणसांना ते 'आळशी' म्हणतात आणि तिथंच विषय संपवतात.

मी दहा वर्षांची असल्यापासून सुट्टीत त्यांच्या शेजारी बसायचे. साड्यांच्या जाहिरातीला बाईचा आवाज हवा असला की माईक माझ्या हातात यायचा. त्यामुळे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला संवादकौशल्याच्या पेपरात पाच मिनिटांचं तोंडी प्रेझेंटेशन आहे असं कळलं, तेव्हा वर्गातल्या पोरी कुरकुरायला लागल्या आणि मी गालातल्या गालात हसले. माशाच्या पिल्लाला पोहायला कोण शिकवतं? मला तर वीस गुण खिशात पडल्यासारखेच वाटले.

विषय आपला आपण निवडायचा होता. निम्म्या वर्गानं पंचगंगेचं प्रदूषण घेतलं, उरलेल्यांनी मोबाइलचे दुष्परिणाम. मी घेतला, 'सूचना द्यायची कशी'. आण्णांना हे सांगितलं आणि तिथंच माझी चूक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं, "आमची पोरगी कॉलेजात बोलणार हाय. पयला नंबर हिचाच, लिहून ठेवा." गावात बातमी पोचवायला आण्णांना कर्ण्याची गरज पडत नाही. दुपारपर्यंत किराणा दुकानदारही मला विचारायला लागला, "काय, पयला नंबर कवा येतोय?" आता तो नंबर माझा एकटीचा राहिला नाही, आण्णांच्या शब्दाचा झाला.

तयारी अर्थातच आण्णांनी करून घेतली. दारात उभ्या असलेल्या रिक्षात आम्ही दोघं मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसायचो. त्यांचे नियम ठरलेले होते. "रिक्षा एका दारावरनं जायाला किती येळ लागतोय? तव्यावरची भाकरी उलटायला लागतोय तेवढा. त्यात सगळं बसलं पायजे." दुसरा नियम, गल्लीचं नाव आधी. आपल्या गल्लीचं नाव ऐकल्याशिवाय माणूस कान टवकारत नाही. आणि तिसरा, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. "पयल्यांदा माणूस कान देतंय, दुसऱ्यांदा ऐकतंय." आठ दिवस मी घोकलं. शेवटच्या दिवशी आण्णा डोळे मिटून ऐकत होते आणि झाल्यावर नुसतं म्हणाले, "झ्याक."

प्रेझेंटेशनच्या दिवशी मी वर्गासमोर उभी राहिले आणि सुरुवात केली. "विद्यार्थी बंधू-भगिनींनो, विद्यार्थी बंधू-भगिनींनो. सूचना देताना ठिकाण आधी सांगावे, सूचना देताना ठिकाण आधी सांगावे." तिसऱ्या वाक्यापासून मागचा बाक माझ्याबरोबर दुसऱ्यांदा म्हणायला लागला. मला वाटलं, रंगलंय. मी आणखी आवाज चढवला. वर्ग खो खो हसत होता आणि मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून शेवटपर्यंत गेले. त्याच घड्याळात बघितलं तर पावणेदोन मिनिटं झाली होती.

पेपर शिकवणाऱ्या मॅडम हसल्या नाहीत. "आवाज उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण तू बोलत कुणाशी होतीस?"

"वर्गाशी."

"दुसऱ्या रांगेतल्या मुलीनं दोनदा हात वर केला. तिला काहीतरी विचारायचं होतं. दिसली तुला?"

मला कुणीच दिसलं नव्हतं. मॅडमनी गुण लिहिले नाहीत. पुढच्या शनिवारी, याच विषयावर, पूर्ण पाच मिनिटं बोलायचं, आणि तेव्हाही जमलं नाही तर तोंडीचे गुण शून्य, असं त्यांनी सांगितलं. बसमध्ये बसल्यावर माझा नुसता संताप होत होता. मॅडमना काय कळतंय, इथपासून ते वर्गातल्या प्रत्येकाला मनातल्या मनात शिव्या देण्यापर्यंत सगळं झालं. कळंबा आलं तसा राग उतरला आणि लाज वाटायला लागली. जन्म गेला माईकजवळ आणि मी बोलण्यातच नापास होणार होते.

घरी खरं सांगितल्यावर आण्णांना ते झोंबलं. "तीस वर्सं बोलतोय मी. अजून कोण म्हणालं न्हाय, समजलं न्हाय म्हणून."

"आण्णा, बोलताना तुम्ही कुणाकडं बघता?"

त्यांनी विचार केला. "काकाच्या पाठीकडं," ते म्हणाले. "दुसरं दिसतंय काय मागं बसल्यावर?"

आई मेथी निवडत बसली होती. ती मंडईत भाजी विकते. घरात बोलायचं काम आण्णांचं असल्यामुळे तिला फारसं कुणी विचारत नाही. मान वर न करता ती म्हणाली, "उद्यापासनं माझ्यासंगट मंडईत चल. पुस्तक आणू नको."

मंडईत तिनं मला पोत्यावर शेजारी बसवलं आणि तिचा नियम सांगितला. आलेल्या बाईला एक वाक्य सांगायचं आणि तिच्या तोंडाकडं बघायचं. "कपाळाला आठी पडली तर थांबायचं. समजलेलं दिसलं तरच फुडं जायाचं."

"आणि नुसतीच मान हलवत असली तर?"

"तर तिला घाई हाय. जुडी द्यायची आणि सोडायचं."

पहिलीच बाई माझ्याकडं बघून आईला म्हणाली, "ही काय इकायला बसलीया?"

"भाषण," आई म्हणाली. "फुकट हाय, ऐका की."

पहिले दोन दिवस फजिती झाली. माणसाच्या तोंडाकडं बघितलं की माझं पुढचं वाक्य पळून जायचं. मी परत आभाळाकडं बघायला लागले की आई कोपरानं ढोसायची. तिसऱ्या दिवसापासून जरा जमायला लागलं. कोण कंटाळलंय, कोण भांडायला आलंय, कुणाला खरंच कळलं नाही, हे दिसायला लागलं. इतकी वर्षं ही माणसं आमच्या रिक्षाच्या दोन्ही बाजूंना उभी होती आणि मी त्यांच्याकडं एकदाही बघितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी एक म्हातारी मावशी आली. कुठं, काय आणि कधी, हे तीन सूचनेत असलं पाहिजे, असं मी तिला सांगितलं. उदाहरणही दिलं, कळंब्यात उद्या पाणी येणार नाही. मावशीच्या कपाळाला आठी. मी पुन्हा सांगितलं, आठी तशीच. शेवटी मी विचारलं, "मावशी, काय समजलं नाही?"

"समजलं की," ती म्हणाली. "येणार न्हाय म्हणून सांगतासा. पर येणार कवा, ते कोण सांगायचं? मी बादल्या भरून ठेवू किती?"

ते आम्ही कधीच सांगत नव्हतो. पाणीखात्याकडून कागद येई, त्यावर असेल तेवढंच आण्णा वाचायचे. जे विचारायचं ते लोक रस्त्यावर उभे राहून आपसात विचारत असतील.

शनिवारी मी वर्गासमोर उभी राहिले तेव्हा मागच्या बाकानं आधीच तोंड उघडून ठेवलं होतं. मी त्यातल्या एकाकडं बघितलं आणि तो हसायचं थांबेपर्यंत काही बोलले नाही. मग बोलायला लागले. आण्णांचे तिन्ही नियम सांगितले, रिक्षासाठी ते का बरोबर आहेत तेही सांगितलं. दुसऱ्या रांगेतल्या मुलीनं हात वर केला तेव्हा मी थांबले आणि तिचा प्रश्न घेतला. शेवटी मंडईतल्या मावशीचं सांगितलं आणि म्हणाले, ऐकणाऱ्याला जिथं प्रश्न विचारता येत नाही, तिथं त्याचा प्रश्न आपणच आधी शोधून ठेवायला हवा. मागचा बाकही ऐकत होता. मला माझाच इतका अभिमान वाटत होता की खाली बसायचं लक्षात आलं नाही, मॅडमना सांगावं लागलं. त्यांनी वीसपैकी सतरा दिले. माझ्यापुढं दोघी होत्या. एकीनं तर पंचगंगेचं प्रदूषणच केलं होतं.

बसमधून उतरले तर आण्णा चहाच्या गाड्यापाशी उभे. भोवती रोजची मंडळी.

"पयला का?" गाडेवाल्यानं विचारलं.

"तिसरा," मी म्हणाले.

दोघंतिघं एकमेकांकडं बघून हसले. आण्णांनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "काय बोललीस ते सांग."

"इथं?"

"हितंच. माईक न्हाय, काय न्हाय. सांग."

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पहिल्यापासून सांगितलं. एकेकाच्या तोंडाकडं बघत गेले. हसणारे गप्प झाले, गाडेवाल्यानं दूध उतू जाऊ दिलं. मावशीचा प्रश्न आला तेव्हा आण्णांच्या कपाळाला आठी पडली, म्हणून मी थांबले.

आण्णा मंडळींकडं वळून म्हणाले, "तीस वर्सं लोक मला ह्येच इचारत आसतील. माझी रिक्षा फुडं गेलेली आसायची." त्यांचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता. "पयल्या नंबराचं माझं चुकलं. पर ही माझ्यापेक्षा चांगली बोलती, ह्ये आता लिहून ठेवा."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं आम्ही शेजारी बसूनच बोललो होतो. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"फुडं सांग," ते म्हणाले. "मी ऐकालोय."