बाईंनी न लिहिलेला प्रसंग

कुणी ‘वेडी’ म्हणालं की बाई हातातला कप खाली ठेवायच्या. “तिला नाव असेल ना? नाव घ्या,” म्हणायच्या. समोरच्यानं नाव घेईपर्यंत कप उचलत नसत. असे किती चहा गार झाले, ते आम्हा शेजाऱ्यांनाच ठाऊक.

मनोरुग्णालयात रुग्णांपाशी बसून त्यांना बोलतं करायचं, हे बाईंचं पूर्वीचं काम. सत्तरच्या दशकात यजमानांची बदली सोलापूरला झाली, आणि इथं त्या चित्रपट लिहायला बसल्या. बाळंतपणानंतर मनानं हरवलेली एक विणकरीण हळूहळू कशी सावरते, याची कथा. मी एका वकिलांकडे टायपिस्ट होतो. संध्याकाळी बाईंची पानं टाईप करून द्यायचो.

कोल्हापूरहून निर्माता आला. कथा पसंत पडली, शेवट नाही.

“डोक्यात घागर पडती, अन् बाई एकदम शानी! टाळ्याच टाळ्या!”

“घागर पडून माणूस शहाणं होत नाही,” बाई म्हणाल्या. “खोक पडते.”

मला हसू आवरेना. निर्माता तापला. “तुमी नाही लिहिलं तर दुसरा लिहील की.”

“लिहू दे. माझं नाव काढून टाका.”

यजमान हळूच म्हणाले, “अगं, एकच तर प्रसंग आहे.”

“तोच बघून लोक घरी जातील,” बाई म्हणाल्या. विषय संपला.

घागरीसकट चित्रपट सोलापुरात लागला. दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. घागर पडली, शिट्ट्या झाल्या, आणि बाई उठून उभ्या राहिल्या. “खोटं आहे हे! असं कुणी बरं होत नाही!”

“ए बाई, खाली बस की!” मागून ओरडा झाला. डोअरकीपर बॅटरी घेऊन धावला. बाई ताठ मानेनं बाहेर निघाल्या. मागोमाग यजमान आणि मी, माना खाली घालून.

पायऱ्यांवर एका बाईनं आम्हाला गाठलं. मंगळवेढ्याकडची. धाकट्या बहिणीचं मनगट तिनं घट्ट धरलं होतं. मुलीच्या दंडावर डागण्यांचे व्रण होते.

“हिला डागून झालं, गंडं बांदून झालं. आता घागर बगाया आनलं हुतं. तुमी म्हनता खोटं हाय. मग खरं कसं असतंय वो?”

“वेळ लागतो,” बाई म्हणाल्या, आणि त्या मुलीशेजारी पायरीवर टेकल्या.

पुढं यजमानांची पुन्हा बदली झाली, बाई सोलापुरातून गेल्या. नंतर त्यांनी काय लिहिलं, मला कळलं नाही. मला आठवते ती तीच दुपार. खेळ सुटला होता, गर्दी दोघींना वळसा घालून उतरत होती, आणि ती मुलगी मान खाली घालून काहीतरी पुटपुटत होती. डोअरकीपर खेकसला, “उठा, वाट सोडा!”

बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. “नाही उठणार. ती बोलतेय.”