शंभरापैकी ब्याऐंशी

मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेणं हे माझं काम. वर्ध्यात हे करता करता माझी अर्धी हयात गेली. मुलाला आकडा सांगायचा का, असं पालक हमखास विचारतात. मी नाही म्हणते. ही समज मला पुस्तकांतून आली असं त्यांना वाटतं. ती मला एका माणसामुळे आली, आणि त्याला मी आजही माफ केलेलं नाही.

सेलूला मी सातवीत असताना आमच्या वर्गाची अशीच चाचणी झाली. गुरुजींनी सगळ्यांचे आकडे मोठ्यानं वाचून दाखवले. माझा ब्याऐंशी. त्या दिवशी मला ताप होता, असं मी पुढे कितीतरी वर्षं सांगत फिरले. ताप-बीप काही नव्हता, मला त्या चाचणीतली चित्रं कळलीच नव्हती. पण तेव्हा मी उड्या मारत घरी गेले, कारण एवढे मार्क मला कशातच कधी पडले नव्हते.

बाबांचं किराणा दुकान होतं. शंभरापैकी ब्याऐंशी म्हटल्यावर त्यांनी दुकान काकांवर सोपवलं, धुतलेला सदरा चढवला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्याबरोबर शाळेत आले. पहिला पेढा गुरुजींना दिला.

गुरुजींनी तो खाल्ला, मग भरल्या वर्गासमोर हसले.

"शेठजी, हे मार्क नाईत. शंभर म्हणजे साधारण डोकं. तुमची पोरगी त्याच्याही खाली आहे. दुकानात बसवा तिले."

वर्ग खिदळला. बाबाही उगीच हसले आणि उरलेले पेढे पोरांना वाटून निघून गेले. त्यानंतर ते माझ्या शाळेत कधी आले नाहीत, पुढे कॉलेजात माझा सत्कार झाला तेव्हाही नाही. "शिकल्यासवरल्या लोकांत माह्यं काय काम," म्हणायचे. तसेच गेले.

गेल्या हिवाळ्यात तेच गुरुजी सुनेला आणि नातीला घेऊन बोरगाव मेघेहून माझ्याकडे आले. शरीर थकलेलं, आवाज तोच. त्यांनी मला ओळखलं नाही. मी त्यांना दारातच ओळखलं होतं.

नात अभ्यासात मागे पडत होती. चाचणीनंतर तिला काय छान जमतं आणि वाचताना ती कुठे अडते, ते मी तिला नीट समजावलं. आकडा फक्त तिच्या आईला सांगितला. तो शंभराच्या बराच वर होता. बाईचे डोळे भरून आले.

"मामाजीले सांगू नका, मॅडम," ती म्हणाली. "ते हिले अन् हिच्या बहिणीले रोज त्याच्यावरूनच तोलतीन."

तिनं सांगितलं नसतं तरी मी सांगणार नव्हते.

ती बाहेर गेल्यावर तिचे सासरे आत आले. "किती आला?"

"आकडा आम्ही सांगत नाही, गुरुजी."

"मी मास्तर होतो. मले समजते त्यातलं."

"समजत असेल."

त्यांनी दाराकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "शंभराच्या खाली आहे काय?"

मी फाईल मिटली. एका शब्दानं त्या म्हाताऱ्याचा जीव हलका झाला असता. त्यांची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती. मी ती पोटभर पाहून घेतली आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

अजून त्यांचा फोन येतो. मी दर वेळी उचलते, तब्येत विचारते, आणि सांगत नाही.