कानाला लावलेला नवरा

माझी वहिनी सिंकखाली राहते, असं मी लोकांना सांगते. लोक हसतात. पण दिवसातला निम्मा वेळ जिचं कमरेवरचं अंग कुणाच्या तरी सिंकखालच्या कपाटात असतं आणि बाहेर नुसते पाय दिसतात, तिच्याबद्दल दुसरं काय सांगायचं? सिंकला खालून बसवलेलं, खरकटं दळून पाण्याबरोबर वाहून लावणारं यंत्र असतं ना, ते दुरुस्त करायचं, नाहीतर जुनं काढून नवं बसवायचं, हा तिचा धंदा. आमच्या घरात त्या यंत्राला चक्की म्हणतात आणि वहिनीला चक्कीवाली. मला लवंगी म्हणतात. ते का, हे पुढे कळेलच.

धंदा मूळचा माझ्या दादाचा. एका स्वयंपाकघरात गंजलेली चक्की एकट्याने खाली उतरवताना त्याची पाठ गेली. जरा चमक भरलीय म्हणाला, आणि त्यानंतर धड उभा राहिलाच नाही. ऑपरेशन झालं, काठी आली, मग काठीही कोपऱ्यात गेली. आता तो खिडकीजवळच्या पलंगावर असतो. गिऱ्हाईकं फोन करत राहिली, तेव्हा वहिनी म्हणाली, मी जाते, तुम्ही फोनवरून सांगा. तोवर तिला साधा बल्ब बदलता येत नव्हता. दादाने तिला सगळं नुसत्या आवाजाने शिकवलं. आधी प्लग उपटायचा, मगच हात घालायचा. चक्की अडकली तर तळाच्या भोकात सहाकोनी किल्ली घालून मागेपुढे फिरवायची. गळू नये म्हणून सिंकच्या भोकाभोवती लावायच्या पुट्टीची वळी किती जाड करायची. ती रडायला लागली की तो थांबायचा, पण कधी चिडला नाही. हे कबूल करावंच लागेल. मला सायकल शिकवताना याच माणसाने उतारावरून ढकलून दिलं होतं.

वहिनी शिकली. शिकली म्हणजे अशी शिकली, की चक्कीचा नुसता आवाज ऐकून आत चमचा अडकलाय की हाड, हे सांगायला लागली. पण घोडं पेंड खातं ते इथेच. काम यायला लागलं तरी फोन काही सुटेना. कुणाच्याही घरी गेली की आधी ओट्यावर फोन उभा करायचा, आवाज मोठा करायचा, आणि दादा सुरू. काय दिसतंय? कुठे गळतंय? पाना कितीचा घेतलास? एकदा तिने भीत भीत सांगून पाहिलं, की अहो, मला जमतं आता. त्यावर तो एवढंच म्हणाला, "बरं झालं. आता मला माळ्यावर टाका." दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, जेवला नाही. वहिनीने तो विषय पुन्हा काढला नाही.

आता आमच्या वसाहतीच्या व्यवस्थापकाने तिला कायमची नोकरी देऊ केली. सगळ्या इमारतींमधल्या चक्क्या तिच्या ताब्यात. अट एकच, कामावर असताना फोन बंद. आधीच्या माणसाचं बोट फोनवर बोलण्याच्या नादात गेलं होतं, म्हणून हा नियम. वहिनीला नोकरीपेक्षा ती अटच जास्त आवडली होती. मला म्हणाली, "लवंगे, मला एकदा शांतपणे काम करून बघायचंय गं." पण दादाला सांगायचं कुणी? आज सांगते, उद्या सांगते करत होकार कळवायचा शेवटचा दिवस उजाडला, आणि नेमकी त्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरातली चक्की तळातून गळायला लागली.

ती नव्या चक्कीचं खोकं घेऊन आली, फोन उभा केला आणि कपाटात शिरली. मी स्टूल ओढून बसले. इतक्या वर्षांत तिला काम करताना मी नीट कधी पाहिलंच नव्हतं. दादा अजून चक्की कुठल्या बनावटीची आहे हे विचारत होता, तेवढ्यात तिने प्लग उपटला, पाईप सोडला, मांडीवर आधार घेऊन ते जुनं धूड खाली उतरवलं आणि माझ्या वर्तमानपत्रावर आडवं केलं. मग फोनमधून आवाज आला, की आता वरची रिंग डावीकडे फिरव, आणि खालून आधार दे, नाहीतर अंगावर येईल. "हो, फिरवतेय," वहिनी म्हणाली. आणि पाना घेऊन कपाटाच्या बिजागरीवर टक टक वाजवायला लागली. वर जरा धापही टाकली.

मी तोंडाचा आ करून बघत राहिले. तिने ओठांवर बोट ठेवलं.

पुढे सगळं असंच. हात दोन पावलं पुढे, तोंड दोन पावलं मागे. दादा जुनी पुट्टी खरवडायला सांगत होता तेव्हा ही नव्या चक्कीचं खोकं फोडत होती. मी चहा दिला, तर फरशीवर बसून घोट घेत म्हणते कशी, "जड आहे हो, वेळ लागणार." नाटक कंपनीत जायला हवं होतं बाईने. पण मला हसू येईना. आपल्याला येणारं काम न येण्याचं सोंग करत रोज कपाटात पडून राहायचं, याच्याइतकी कोंडी मी दुसरी पाहिली नाही. मी खुणेने म्हटलं, सांग ना त्याला. ती पुटपुटली, हे झालं की सांगते. तेच वाक्य तिच्या मनात घोळत असणार, कारण हातून चूक झाली ती तेवढ्यातच.

नव्या चक्कीला डिशवॉशरच्या नळीसाठी एक वेगळं तोंड असतं. ते कारखान्यातून बंदच येतं, आत प्लास्टिकची चकती असते. यंत्र टांगण्याआधी पेचकस टेकवून ती फोडून काढायची, हा या धंद्यातला पहिला धडा. दादाने आठवण करून दिली तेव्हा चक्की टांगून, नळ्या जोडूनही झाल्या होत्या. "चकती फोडलीस?" त्याने विचारलं. "फोडली," ती म्हणाली आणि सवयीने हातोडीची मूठ फरशीवर एकदा आपटली. प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची इतकी सवय, की आपण कशाला हो म्हटलं हेही कळलं नाही.

नळ सोडला, चक्की छान फिरली. मग तिने डिशवॉशरचं पाणी उपसायचं बटण दाबलं. पंप कण्हायला लागला.

"थांब," दादा म्हणाला. "पाणी पुढे जात नाहीये. चकती आतच आहे."

वहिनी बटणाकडे वळेपर्यंत नळी सटकली आणि माझ्या कालच्या भांड्यांचं साबणपाणी तिच्या केसांवरून, तोंडावरून, पाठीवरून वाहिलं.

दादा हसायला लागला. कितीतरी वर्षांनी मी त्याला असं मोकळं हसताना ऐकलं. फोडली म्हणाली आणि फोडलीच नाही, म्हणून म्हणतो फोन चालू ठेवत जा, मी नसतो तर घरभर पाणी झालं असतं, असं काय काय बोलत सुटला. तो इतका खूश होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी तो फोन चक्कीत घालून बटण दाबावंसंही वाटलं. वहिनी पाण्यात तशीच बसून होती. मी मनात म्हटलं, गेली नोकरी. आता ही कुठल्या तोंडाने सांगणार?

तिने पदराने तोंड पुसलं आणि फोन हातात घेतला.

"मी चुकले, कारण तुम्ही बोलत होतात," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नाही. "तुम्ही रिंग फिरव म्हणालात तेव्हा चक्की खाली आलेली होती. मी नुसता पाना वाजवत होते. रोज वाजवते."

मग तिने उरलेलंही सांगून टाकलं. नोकरी, फोनची अट, आणि आज आपण होकार देणार आहोत हे.

आता तो ओरडणार, म्हणून मी कंबर कसून उत्तरं तयार ठेवली. लवंगी नाव काय उगीच नाही मिळालं. पण तो ओरडला नाही.

"मग मी दिवसभर काय करू?" त्याने विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारत होता. माझी सगळी उत्तरं फुकट गेली. वहिनी म्हणाली, "मला आत हात घालायचाय. ठेवते." आणि तिने फोन बंद केला.

नंतर तिने प्लग उपटला, नळीच्या तोंडातून पेचकस घालून एका फटक्यात चकती फोडली, चिमट्याने वर काढली, नळी आवळली. मी नको नको म्हणत असताना फरशीही पुसली. ते शांतपणे केलेलं काम होतं, पण तिला त्याचा काही आनंद झालेला दिसला नाही. दारात चपला घालताना फोन वाजला. दादाच. ती बघत उभी राहिली. उचलला तर परत तेच, आणि नाही उचलला तर हा पलंगावरून उतरायला जाऊन पडणार. दोघींनाही ते ठाऊक होतं. तिने उचलला.

"होकार कळवलास?" त्याने विचारलं.

"अजून नाही. खाली कार्यालयात जाऊन सांगायचाय."

तो म्हणाला, "मग सांगून टाक. चांगली जागा आहे, सोडू नकोस." आणि मग, "पण फोन चालू ठेव. मी ऐकतो."

मला वाटलं, आता तरी ती नाही म्हणेल. तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवी खांद्याला लावली आणि फोन हातात धरून जिना उतरायला लागली. मी कठड्यावरून वाकून बघत होते. दादाचा आवाज वरपर्यंत येत होता. आधी दारावर टकटक कर. बस म्हणाले तर बस. लगेच हो म्हणू नकोस, आधी सुट्टीचं विचार. कागद दिला तर सही करायच्या आधी मला वाचून दाखव.

"हो," वहिनी म्हणत होती. "हो. दाखवते."