मेहुण्याचा तळहात आणि ट्रकचे टायर

माझ्या मेहुण्याइतका प्रेमळ आणि त्याच्याइतका डोकं उठवणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसरा नसेल. असलाच तर त्याच्या दाजींनी मला भेटावं, दोघं मिळून कपाळ बडवू. ह्या माणसाचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास, स्वतःच्या उजव्या तळहातावर. विहिरीवरच्या मोटारीला हात लावून "तापलीया, बंद करा" म्हणायचा. माझ्या लग्नात जिलबीच्या कढईवर हात धरून त्यानं आचाऱ्याला इतकं पिडलं, की आचारी झारा टाकून निघून गेला. उरलेल्या जिलब्या ह्यानंच तळल्या, आणि चांगल्या तळल्या, हेच तर दुखणं.

गेल्या उन्हाळ्यात पेरूचे क्रेट वाहायला त्यानं जीपला छोट्या ट्रकचे जाड टायर बसवले. हवा मात्र जीपच्या दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली, जुनीच, तीस पौंड. मी टायर कंपनीचा तक्ता त्याच्या नाकासमोर धरला. "अरे, ते तीस जुन्या टायरचं! ह्याला तेवढंच ओझं उचलायला जास्त हवा लागते. हे बघ, चाळीसच्या वर आहे."

"दाजी, टायर जाड हाय. धडधाकट गड्याला काठी कशाला?"

त्यावर कहर म्हणजे शेळगावहून बारामतीला पोचला, की चारी टायर चाचपायचा आणि तापलेल्यांची हवा फुस्सकन सोडायचा. हवा कमी म्हणून टायर आणखी तापायचा, तापला म्हणून हा आणखी हवा सोडायचा! हवा सकाळी, टायर गार असताना मोजायची असते, हे सांगून माझा घसा बसला. "तुमी लई चिडता दाजी. ताक घ्या." आणि शेजारच्या सीटवर रोज त्याची लेक, एमआयडीसीत कामाला जाणारी. तिला त्या जीपमध्ये बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी व्हायचं तेच झालं. भरल्या क्रेटसह जाताना मागचा टायर फुटला आणि जीप थेट उसात घुसली. पोरगी थोडक्यात वाचली, कपाळाला खोक पडली. मी तिथं पोचलो तो ओरडतच. "मारलं असतंस की पोरीला!" तो बांधावर बसून होता. फुटलेल्या टायरकडे बघत म्हणाला, "दाजी, हवा किती भरू? तुमी सांगाल तेवढी भरतो."

हेच ऐकायला मी इतका भांडलो होतो, आणि आता ते ऐकवेना.

हल्ली तो सकाळी गार टायरला गेज लावतो आणि आकडा मला फोनवर कळवतो. पण परवा माझ्या बायकोला कणकण होती. सख्खा भाऊ उशाशी बसला, आणि मला विचारतो काय, तर "थर्मामीटर हाय का?"

माझं डोकंच फिरलं. "अरे, ती बहीण आहे तुझी! लाव की हात कपाळाला!"

त्यानं हात पुढं केला, अर्ध्यातूनच मागं घेतला.

"नको दाजी," तो म्हणाला. "माझ्या हाताचं काय खरं न्हाय."