मामांची हुंकार देणारी पेटी

ह्यांच्या मामांइतका वाईट श्रोता साऱ्या सातारा-सांगलीत दुसरा झाला नसेल, आणि ऐकणारं यंत्र बनवायचं नेमकं याच माणसाच्या डोक्यात आलं. फौजेत वायरलेसवर नोकरी करून पेन्शनीत आल्यावर त्यांनी उंब्रजला हमरस्त्यालगत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. मागच्या खोल्यांत मामा आणि मामी, दोघंच. समोरचा माणूस घरातल्या आजारपणाचं सांगत असला तरी मामांचं नाक रेडिओच्या पोटात, तोंडानं मात्र "हं", "व्हय", "मग?" अगदी ठेक्यात. आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला कुणीतरी हुंकार द्यावाच लागतो. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. मामा म्हणायचे, "मानसाला उत्तर नगं असतंय, सूनबाई. म्होरं बोल म्हननारं कोन तरी हवं असतंय."

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी सांगलीची, मॅट्रिक झालेली, आणि मॅट्रिक म्हणजे बॅरिस्टरच अशी स्वतःबद्दल समजूत असलेली. लग्नाला दीड महिना झाला होता. एका दुपारी मामांकडे डबा पोचवायला गेले, तर दुकानामागच्या पडद्याआडून मामा म्हणाले, "हं?" मी डोक्यावरचा पदर सावरून पडद्याबाहेरच बसले आणि त्या एका "हं"वर सगळं सासर ओतलं. सासूबाई माझ्या भाकरीकडं बघून सुस्कारा कसा सोडतात, नणंद माझी पावडर कशी चोरून लावते, हे रात्री घोरतात कसे. मामा मधूनमधून "आस्सं व्हय", "मग?" म्हणत होते. इतकं शांतपणे माझं कुणी माहेरीही ऐकलं नव्हतं. अर्ध्या तासानं समोरच्या दारातून मामा आत आले. हातात मेथीची जुडी.

"कुनाशी बोलतीयास गं?"

आणि माझ्या पाठीमागून, पडद्याआडून, मामांच्याच आवाजात आलं, "मग?"

भर दुपारी माझ्या अंगावर जो काटा आला, तो आज इतक्या वर्षांनी लिहितानाही येतो. देवाचं नाव घ्यायला गेले, तर तोंडातून सासूबाईंचं आलं. मामांनी मला पाणी विचारलं नाही. त्यांनी वही काढली; दाराबाहेर उभं राहून बरंच ऐकलं होतं, हे तेव्हा कळलं. "शंका कुठं आली? सुरवातीला, का नंदेच्या पावडरीपाशी?"

पडद्यामागं एक लाकडी पेटी होती. आत टेपरेकॉर्डर, बाहेर माइक. समोरचा बोलायचा थांबला की आतली खटकी पडायची आणि रीळ एका हुंकाराइतकं पुढं सरकायचं. एवढंच. पण मामांचं वेड खटकीत नव्हतं, हुंकारात होतं. प्रत्येकाला वेगळा हुंकार लागतो, असा त्यांचा सिद्धांत. सुट्टीवर आलेल्या जवानाला "बराबर" लागतं, नाही तर तो तेच परत सांगतो. सांगलीचे हळदीचे एक व्यापारी यायचे. त्यांच्यासमोर पेटी चुकून "व्हय" म्हणाली, तर ते भाव ठरला म्हणून उठून निघाले. त्यांच्या रिळावर मामांनी मग नुसतं "बघू" भरलं. म्हाताऱ्या बायांना "आगं बया" हवं. आणि मी शहाणी! मी सुचवलं, की यंत्रानं शुद्ध बोलावं. माझ्या आवाजात भरून घेतलं, "आपली अडचण कृपया सांगावी." शेजारच्या आक्कांनी ते ऐकलं आणि पेटीला नमस्कार करून निघून गेल्या. म्हणाल्या, "कचेरी हाय ती. आपलं काय काम तितं?"

हा सगळा खेळ कुणासाठी चालला होता, ते मला उशिरा कळलं. मामींची दृष्टी ऐन तिशीत गेलेली. मामांच्या हुंकारावरच त्या घरात चालायच्या. हं आला त्या दिशेला माणूस, त्या दिशेला दार. आणि मिरजेच्या डॉक्टरांनी मामांना सांगितलं होतं, की घशातली गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज जाणार. मामींना हे सांगायचं नाही, असं मामांनी ठरवलं. "तिचं डोळं गेलं तवा म्या हं म्हनत राहिलो," ते मला म्हणाले. "आता हं बी गेला तर तिनं कुटं बघायचं?"

त्यांनी सुरेख, प्रेमळ हुंकार भरले. पेटी मामींच्या खाटेशी ठेवली आणि स्वतः गप्प बसून चाचणी घेतली. मामी थोडा वेळ बोलल्या, मग थांबल्या आणि माझा हात घट्ट धरला. "सूनबाई, ह्ये कोन हाय? ह्यो मानूस माजं ऐकतोय. ह्ये आमचं मालक न्हवं."

मामांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पडलेला पाहिला. मिरजेला जायला तीन दिवस उरले होते. दुर्लक्ष मुद्दाम करायला गेलं की ते होत नाही. मामा "हं" म्हणायचे आणि त्यात प्रेम उतरायचं. शेवटी मी त्यांच्यापुढं एक बिघडलेला रेडिओ ठेवला, मामींना बोलतं केलं आणि गुपचूप रीळ चालू केलं. तासाभरात खरे हुंकार सापडले. उशिरा आलेले, अर्धवट, भलत्याच जागी. मधलं मामींचं बोलणं मी दाढीच्या ब्लेडनं कापून काढलं.

मामींना घशाला औषध घ्यायला जातो असं सांगून गेलेले मामा मिरजेहून गळ्याला भोक आणि हातात पाटी घेऊन परतले. पेटी बोलू लागली. चाळीस वर्षांत मामांनी बायकोला "हं"च्या पलीकडं उत्तर दिलंच नव्हतं, त्यामुळं यंत्राचं छान निभावलं. "घसा सुदारला बघ त्यांचा," मामी मला म्हणाल्या. मामी पेटीकडं तोंड करून बोलत, पेटीपुढं चहा ठेवत, आणि दोन हातांवर मामा भिंतीला टेकून बसलेले असत. जिवंत माणूस आणि त्याचा आवाज एकाच खोलीत वेगवेगळे बसलेले मी पाहिलेत. त्या घरात गेलं, की नमस्कार नक्की कुणाला करायचा तेच कळत नसे.

मग एके सकाळी मामींनी मला जवळ ओढलं. "हितं आनिक कोन तरी ऱ्हातंय गं. बोलत न्हाई. नुसता श्वास घेतंय. बारीक शीळ वाजती." मामांच्या गळ्यातलं ते भोक. मामांनी श्वास रोखून धरला. मला त्यांच्याकडं बघवेना.

"भ्या वाटतं का, मामी?" मी विचारलं.

"पयल्यांदा वाटलं. आता न्हाई. असंल बिचारं कोन तरी, वाट चुकल्यालं."

दुसऱ्या दिवसापासून मामी चहाचे दोन कप ओतू लागल्या. एक पेटीपुढं, एक भिंतीशी. भिंतीशी ठेवलेला मामा पीत. भुताचा कप रोज रिकामा होतो, हे बोटानं चाचपून मामींना समाधान वाटे. हळूहळू त्या भिंतीकडं वळून बोलू लागल्या. तिकडून हुंकार येत नसे, पण शीळ बारीक व्हायची, थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मामी वाट बघायच्या आणि पुढं बोलायच्या.

उन्हाळ्यात पेटीची खटकी मोडली. सगळ्या उंब्रजचे रेडिओ ज्यानं उघडले, त्याला पाच मिनिटांचं काम. मामांनी हात लावला नाही. मी घाबरत मामींपाशी बसले. "मालक आज गप हायती," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे गप," मामी म्हणाल्या आणि एकच कप ओतला. भिंतीच्या दिशेनं सरकवत म्हणाल्या, "आवं, घ्या. गार व्हतोय."

त्यांना कधीपासून कळलं होतं, की कधी कळलंच नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. दोघंही गेले. आता दुपारी घरात मी एकटी असते आणि, खरं सांगते, मोठ्यानं बोलते. मधेच थांबते. घोरण्याबद्दल ज्यांची इतकी तक्रार केली, त्यांच्या रिकाम्या खाटेकडं कान देते, आणि जरा वेळ थांबून पुढं बोलू लागते.